खड्डा टिंब घर

वडगावात लाइट गेली की आधी माग थांबतात,
मग पंखे,
मग माणसं एकमेकांशी बोलायला लागतात.
आणि आली की
राउटर उठतो, डोळे चोळतो,
पहिल्यापासून नंबर वाटत बसतो
रेशनच्या रांगेत टोकन द्यावं तसा,
जो आधी दारात येईल त्याला आधीचा.

कालपर्यंत खालच्या मागाचा नंबर
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, चौदा.
खडूनं लिहून ठेवलेला जिन्याच्या भिंतीवर,
लाइनमनच्या नंबराखाली.
आज चौदावर सिद्रामचा मोबाइल.
माझा मोराचा काठ, आठशे चाळीस तारांचा,
त्याच्या दारात जाऊन उभा.
फोन म्हणाला, ह्याचं मी काय करू?

सिद्राम म्हणाला, आकडे कशाला घोकायलीस ताई,
नावं ठेव.

नावं ठेवायला आमच्या गल्लीत कुणी कमी नाही.
वरच्या कॉम्प्युटरला ठेवलं माडी.
मागाच्या डब्याला खड्डा,
कारण डबा उभा आहे तिथंच
अप्पांचा खड्डामाग होता,
गुडघ्यापर्यंत जमिनीत पाय सोडून
ते दिवसभर विणायचे.
पुढं खड्डा बुजवला, वर शहाबादी घातली.
टाच आपटली तर ती फरशी अजून
बाकीच्यांपेक्षा वेगळी वाजते.

मग मी माडीवरून विचारलं, खड्डा?
उत्तर आलं, असं कुणी नाही.
पुन्हा विचारलं.
असं कुणी नाही.
आणि तो तर खाली, बारा पायऱ्यांवर,
हिरवा दिवा लुकलुकवत बसलेला.

चौथ्या दिवशी केबलच्या ऑफिसातून मल्लेशी आला,
हुक्केरीचा, हेल्मेट काखेत.
पडद्यावर नाव वाचून हसला.
अक्का, माडी म्हणजे आमच्यात 'करा'.
करा करा म्हणताय, काय करू सांगा की.
चहा झाला. मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
तुमची मशीन घरात विचारतच नाही अक्का.
बाहेर विचारायली.
कुणीतरी स्पीडसाठी घातलेत बघा हे चार आठ,
ती समुद्रापल्याड जाऊन विचारती,
वडगावात, जिन्याखाली, खड्डा कुठं हाय?
त्यांना काय म्हाईत.
ते खरंच सांगतंय पाप, नाही म्हणून.

मला हसू आलं.
म्हटलं, गावाचं नाव काय ते सुद्धा
आपण लांबच विचारत आलोय की, किती वर्षं.
बोलून गेले, आणि मग
त्याच्याकडं बघितलं नाही.
तो वायर गुंडाळत होता.
म्हणाला, टॉर्च धरा.

डब्याच्या पोटावर बारीक अक्षरांत
त्याचा जन्माचा आकडा, कधी न बदलणारा.
मल्लेशी उताणा पडून वाचत होता,
ऐदु. मी लिहिलं पाच.
एंटु. आठ.
मध्ये इंग्रजी अक्षरं आली, ती दोघांनाही सारखीच.
एकदा ओंदु ऐवजी मी ऐदु ऐकलं,
तेवढ्यासाठी दहा मिनिटं गेली.

मग राउटरला बजावलं,
हा आकडा दारात आला की त्याला चौदाच द्यायचं,
लाइट दिवसातून कितीदा का जाईना.
चार आठ काढले.
माडीला सांगितलं, आधी घरात विचार,
घरात नसेल तर मग घरच विचारेल बाहेर.
आणि नावापुढं टिंब देऊन लिहायचं घर,
म्हणजे घोटाळा नको.

साडेचारला लाइट गेली.
पावणेपाचला आली.
मी लिहिलं, खड्डा टिंब घर.
खालून आधी काहीच नाही.
मग पहिला ठोका, दुसरा,
मग मोराची चोच सुटायला लागली,
आणि अप्पा खुर्चीत सरकून बसले
पाय फरशीपासून जरा वर उचलून.

भिंतीवरचा चौदा पुसायची आता गरज नाही.
सिद्रामच्या फोनला मात्र अजून खड्डा सापडत नाही.
त्याचं काहीतरी वेगळंच आहे म्हणे.
मल्लेशी गाडीला किक मारता मारता सांगून गेलाय,
नाळे बरतीनि, उद्या येतो,
म्हणजे बहुतेक गुरुवारी.